मीटर घेऊन कुठे उभं राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मी मेडिकल फिजिसिस्ट (किरणोपचाराची यंत्रं आणि डोस यांचा हिशोब बघणारा) आणि आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) आहे, सहा वर्षं झाली. आपत्तीच्या वेळी स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं असं बरेच दिवस मनात आहे. पण किरणोत्साराचं काही झालं तर बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) टीम येणारच. मग माझा उपयोग काय? कायद्याने चालतं का? आणि घरचे घाबरलेत, त्यांना काय सांगू?"

नाव जरूर द्या. फक्त डोळ्यांसमोर जे चित्र असेल, म्हणजे तुम्ही लांब चिमट्याने सोर्स (किरणोत्सारी तुकडा) उचलून शिशाच्या भांड्यात टाकताय आणि लोक दुरून बघताहेत, ते आधी पुसून टाका. ते काम बीएआरसीच्या आणि एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) लोकांचं. त्यांच्याकडे साधनं आहेत, हाताला सराव आहे, आणि त्यांनाच ते करू द्यावं. तुमची जागा वेगळी आहे. जिथे शेकडो घाबरलेली माणसं रांगेत उभी असतात, जिथे कॅज्युअल्टीचा डॉक्टर रुग्णाला हात लावायला कचरतो, तिथे किरणोत्सार मोजणारा मीटर हातात घेऊन "काही नाही, घरी जा" किंवा "हात लावा, मी इथेच आहे" असं छातीठोकपणे सांगणारं कुणीतरी लागतं. चोवीस वर्षं या कामात घालवल्यावर माझं मत असं झालंय की आपल्यासारख्यांनी स्वयंसेवक म्हणून करायचं काम बव्हंशी एवढंच आहे. आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत.

ब्राझीलमधल्या गोयानियाची 1987 ची घटना आपण सगळेच आरएसओच्या परीक्षेसाठी वाचतो. बंद पडलेल्या क्लिनिकमध्ये सोडून दिलेलं रेडिओथेरपीचं यंत्र, भंगार म्हणून उचकटलेला सीझियम-137 चा सोर्स, अंधारात निळी चमकणारी पूड, ती कौतुकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलेली, चार मृत्यू. 50.9 टेराबेकरेल हा त्या सोर्सच्या ताकदीचा आकडाही पाठ असतो. परीक्षेत न येणारा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडायला लागल्यावर भंगारवाल्याच्या बायकोला त्या वस्तूचा संशय आला. तिने ती पिशवीत घातली आणि चक्क बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात नेली. तिथे ती डॉक्टरच्या टेबलावर काही वेळ होती, मग अंगणात एका खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी, 29 सप्टेंबरला, गावात पाहुणा म्हणून आलेल्या एका मेडिकल फिजिसिस्टला विचारणा झाली, जरा बघता का. त्याच्याकडे मीटर नव्हता. युरेनियमचे साठे शोधणाऱ्या सरकारी कंपनीच्या स्थानिक कार्यालयातून त्याने एक सिंटिलेशन काउंटर मागून आणला. आरोग्य कार्यालयापासून बराच लांब असतानाच तो चालू केला, तर काटा थेट शेवटाला. कुठल्याही दिशेला फिरवा, काटा तिथेच. मीटर बिघडलाय असं समजून तो मागे फिरला आणि दुसरा घेऊन आला. त्याचाही काटा तिथेच! तोवर अग्निशमन दलाला बोलावणं गेलं होतं, आणि ते लोक ती पिशवी उचलून नदीत टाकायच्या बेतात होते. त्याने त्यांना अडवलं.

तिथे त्याचा अधिकार काय होता? काहीच नाही. तो सुट्टीवर आला होता. पण काट्याचा अर्थ कळणारा त्या अंगणातला तो एकटाच माणूस होता. पिशवी नदीत गेली असती तर पुढचं सगळं कसं झालं असतं, याचा विचार आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

त्यानंतर गोयानियाच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर लोकांची तपासणी सुरू झाली. तपासले गेले सुमारे 1,12,000. दूषित, म्हणजे किरणोत्सारी पूड लागलेले, निघाले 249. म्हणजे हजारातले साधारण 998 स्वच्छ होते, आणि त्यांना ते कुणीतरी समोर उभं राहून, मीटर फिरवून सांगायचं होतं. त्यातही पहिल्या 60 हजारांत 5 हजारांच्या आसपास लोकांना उलट्या, जुलाब, अंगावर चट्टे अशी लक्षणं होती, आणि ते दूषित नव्हते. भीतीने माणसाला खरोखरच उलटी होते. पुढे तर गोयानियाच्या लोकांना दुसऱ्या गावात हॉटेलात खोली मिळेना, म्हणून "हा माणूस दूषित नाही" असे दाखले द्यावे लागले. स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणात मी हेच आकडे फळ्यावर लिहिते आणि बाकीचं नंतर बोलते.

जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राच्या अपघातातही असंच झालं. 2011 च्या मार्चमध्ये घरं सोडून निघालेल्या लोकांची तपासणी सुरुवातीला मिनिटाला 13,000 काउंट (मीटरने मोजलेले ठोके) या पातळीवर होत होती. थंडी कडाक्याची, पाणी नाही, म्हाताऱ्या माणसांना उघडं करून धुवायचं कुठे? मग पातळी 1,00,000 काउंटवर नेली. मे महिन्याच्या अखेरपर्यंत सुमारे 1 लाख 95 हजार लोक तपासले गेले. त्या वरच्या पातळीपलीकडे शंभराच्या आसपास निघाले, आणि कपडे बदलून पुन्हा मोजल्यावर तेही खाली आले. पातळी वाढवली म्हणून आपल्यापैकी काहींच्या भुवया तेव्हा उंचावल्या होत्या. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. त्याच दिवसांत घाईघाईने हलवलेले हॉस्पिटलांतले आणि वृद्धाश्रमांतले पन्नासहून जास्त रुग्ण प्रवासात किंवा त्यानंतर लगेच दगावले. ते किरणोत्साराने गेले नाहीत. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, उपचार तुटणं याने गेले. मीटर हातात असलेल्या माणसाला हे हिशोब माहीत नसतील तर तो मीटरही लोकांना घातकच.

अमेरिकेत या अनुभवांवरून एक व्यवस्था उभी राहिली. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर 2002 साली तिथे वैद्यकीय स्वयंसेवकांचं राखीव दल सुरू झालं. पुढे राज्यांच्या किरणोत्सार नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने त्याला जोडून काही राज्यांत किरणोत्सार जाणणाऱ्यांच्या वेगळ्या तुकड्या बांधल्या: हॉस्पिटलचे फिजिसिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनचे टेक्नॉलॉजिस्ट, विद्यापीठांतले सुरक्षा अधिकारी. त्यांचं काम ठरलेलं असतं. शाळेच्या जिमखान्यात किंवा मोठ्या हॉलमध्ये लोकांसाठी केंद्र उघडायचं. दारात जखमींना बाजूला काढायचं, मग मीटरने तपासणी, लागेल त्याला आंघोळ, नाव-पत्त्याची नोंद, शेवटी समजूत घालून घरी. तिथे राहणारे मराठी फिजिसिस्ट असतील तर त्यांनी आपल्या राज्यात अशी तुकडी आहे का ते जरूर विचारावं. दलात नाव आधी नोंदवलेलं, पात्रता आधी तपासलेली. ऐन वेळी गळ्यात स्टेथोस्कोप घालून कुणी आला तर त्याला दारातच थांबवतात, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडे अशी वेगळी तुकडी मी तरी कुठल्या जिल्ह्यात पाहिलेली नाही. आपदा मित्र योजनेचं 12 दिवसांचं प्रशिक्षण चांगलं आहे, पण त्याचा भर पूर, शोध-बचाव, प्रथमोपचार यांवर. तुम्ही म्हणता तसं बीएआरसीची टीम येणारच, अणुऊर्जा विभागाचा क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप हलणारच, एनडीआरएफची पाचवी बटालियन तर पुण्याजवळ सुदुंबऱ्यालाच आहे. पण सुदुंबऱ्याहून किंवा तुर्भ्याहून चंद्रपूरला पोहोचायला किती तास लागतात? तेवढे तास तुमचे. त्या तासांत दोरी कुठे बांधायची हे पोलीस हवालदार कुणाला विचारणार? उघड्यावर सोर्स पडल्याची शंका असेल तर सुरुवातीला 30 मीटर. मीटर आल्यावर जिथे ताशी 100 मायक्रोसीव्हर्ट (सीव्हर्ट हे डोसचं माप) दिसेल तिथे दोरी, मग ते 30 मीटरच्या आत असो की बाहेर. या एका वाक्यासाठीसुद्धा गावात कुणीतरी असावं लागतं.

"आपल्याकडे कुठे काय होतंय" असं म्हणू नका. दिल्लीत मायापुरीला 2010 च्या एप्रिलमध्ये जे झालं ते विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या गॅमा सेलमुळे (प्रयोगशाळेत वस्तूंवर किरण सोडायचं यंत्र). 1985 पासून ते यंत्र वापरात नव्हतं, आत कोबाल्ट-60 आहे याची आठवण कुणाला राहिली नव्हती. भंगारवाल्यांनी ते फोडलं, सात जण हॉस्पिटलात, एक दगावला. आणि त्याच्या दीड वर्ष आधी, 2008 साली, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं, त्या पोलादाचा माग आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. म्हणजे आपल्या जिल्ह्यांतला धोका अणुभट्टीपेक्षा भंगाराच्या ढिगात, कारखान्यात धातूचे जोड तपासायच्या रेडिओग्राफी कॅमेऱ्यातल्या इरिडियममध्ये आणि रस्त्यावर उलटलेल्या टेम्पोतल्या किरणोत्सारी मालाच्या पिवळ्या लेबलच्या खोक्यात जास्त आहे.

एक माझा अनुभव सांगते. मराठवाड्यातल्या एका स्टील मिलच्या गेटवरचा अलार्म भंगाराच्या ट्रकवर वाजला. रविवार दुपार. ओळखीतून मला फोन आला. मी पोहोचेपर्यंत त्यांनी ट्रक अर्धा रिकामा केला होता, पत्रा पत्रा वेगळा करून पुन्हा गेटमधून फिरवला होता, आणि आता अलार्म वाजेना म्हणून सगळे आणखीच घाबरले होते. ड्रायव्हर बाजूला लिंबाखाली खाटेवर बसून चहा पीत होता. मी भंगाराकडे निघाले, त्याच्या खाटेजवळून गेले, आणि मीटरने एकदम तडतड सुरू केली. मला वाटलं, खाटेखाली काही ठेवलंय. वाकून बघितलं, काही नाही. मीटर वर आणला तसा आवाज वाढला, गळ्यापाशी सगळ्यात जास्त. विचारलं, "दादा, थायरॉइडचं औषध घेतलंय का एवढ्यात?" त्याने पाकिटातून चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. बारा दिवसांपूर्वी आयोडीन-131 या किरणोत्सारी औषधाचा डोस. ट्रक गेटवर उभा असताना तो केबिनमध्ये होता, रिकामा करताना खाली उतरला होता. तीन तास चाळीस माणसं पत्रे उचलत होती, आणि त्या माणसाला एक प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं? आयोडीनचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) आठ दिवस आहे हे तुम्हाला-मला झोपेत सांगता येतं, त्यांना नाही. मोठ्या रांगेत असे चार-दोन जण असणारच: कुणाचा काल बोन स्कॅन झालाय, कुणाचा सकाळी पेट स्कॅन, त्यांच्याही अंगात किरणोत्सारी औषध असतं. "गेल्या महिन्यात कुठलं स्कॅन किंवा गळ्याचं औषध?" हा प्रश्न मीटर लावायच्या आधी विचारायचा.

आता कॅज्युअल्टी. माझ्या पहिल्या मॉक ड्रिलमध्ये मी सपशेल नापास झाले, तेही सांगते. एका हॉस्पिटलात (नाव सोडा) सराव होता: रेडिओग्राफीच्या कामावर अपघात, पायाचं हाड मोडलेला आणि अंगावर दूषित माती असलेला रुग्ण. मी तेव्हा नवी, हौशी. डोक्यापासून पायापर्यंत व्यवस्थित मोजत राहिले, आकडे वहीत मांडत राहिले. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे लांब उभे, माझं होण्याची वाट बघत. चाळीस मिनिटांनी परीक्षक शांतपणे म्हणाले, "मॅडम, पेशंट रक्तस्रावाने गेला." ती चाळीस मिनिटं मी विसरलेले नाही. आधी श्वास, रक्तस्राव, नाडी, मीटर नंतर. दूषित रुग्णापासून उपचार करणाऱ्याला मिळणारा डोस साधारणपणे किरकोळ असतो, आणि मास्क, गाऊन, दोन जोड हातमोजे एवढ्यात काम भागतं. शिशाचा अ‍ॅप्रन कुणी आणून दिला तर नम्रपणे परत करा. तो एक्स-रेसाठी आहे. सीझियम-कोबाल्टच्या गॅमापुढे त्याचा उपयोग नगण्य, घाम मात्र भरपूर.

डॉक्टरांना समजवायचं असेल तर "इर्रेडिएशन" (अंगावर नुसते किरण पडणं) आणि "कन्टॅमिनेशन" (अंगाला किरणोत्सारी धूळ लागणं) हे शब्द वापरू नका. मी म्हणते, एक माणूस उन्हात उभा राहिलेला आणि एक चिखलात पडलेला. उन्हात राहिलेल्याला त्रास होईल, पण त्याला हात लावून तुम्हाला चटका बसत नाही. चिखलात पडलेला मात्र खाट मळवतो, म्हणून त्याचे कपडे आधी उतरवा. कपडे उतरवले की बाहेरची घाण बहुतेक निघून जाते, 80 ते 90 टक्के. ते ओढून काढायचे नाहीत, कापून आत गुंडाळत काढायचे, पिशवीत बांधायचे. मग कोमट पाणी नि साधा साबण, खरवडायचं नाही. केसांना कंडिशनर लावायचा नाही, तो कण केसांना चिकटवून ठेवतो.

आणि सराव घ्यायचा असेल तर महागडी फ्लोरोसंट पावडर शोधत बसू नका. गुलाल आणा. रुग्ण झालेल्या वॉर्डबॉयच्या शर्टावर मूठभर टाका आणि नेहमीसारखं काम करायला सांगा. वीस मिनिटांनी बघा गुलाल कुठे कुठे आहे. बीपीच्या पट्ट्यावर असतो, दाराच्या मुठीवर असतो, केसपेपरवर असतो. एकदा तर मेट्रनबाईंच्या चष्म्याच्या काडीवर होता, कारण त्यांनी हातमोज्यानेच चष्मा वर सारला होता. त्या दिवशी जे शिकले ते कुठल्याही स्लाइडने शिकले नसते. पुढच्या सरावाला पाच मिनिटं आधी त्यांनीच सगळ्यांचे चष्मे दोऱ्याने मागे बांधून घेतले.

मीटरबद्दल तुम्हाला काय सांगायचं, तरी दोन गोष्टी. रांगेत तपासताना प्रोब (मीटरचा मोजणारा भाग) अंगापासून सेंटिमीटरभर, आणि सेकंदाला दोन ते पाच सेंटिमीटरच्या वेगाने. झाडू मारल्यासारखा फिरवलेला प्रोब काहीही पकडत नाही. त्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर दहाव्या माणसानंतर प्रोबच दूषित आणि पुढचे सगळे "दूषित". दुसरं, जुने जीएम (गायगर) मीटर फार मोठ्या क्षेत्रात गुदमरतात आणि शून्य दाखवतात. म्हणून मीटर लांबूनच चालू करायचा आणि आकडा चढताना बघत पुढे जायचं. गोयानियाच्या त्या माणसाने निदान लांबून चालू केला होता.

कायद्याचं. तुमची आरएसओ म्हणून मान्यता तुमच्या संस्थेपुरती आहे. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर तुम्ही एक जाणकार नागरिक, त्यापेक्षा जास्त काही नाही. कुणी बोलावलं नसताना मीटर घेऊन घटनास्थळी जाऊ नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात; त्यांच्या कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याला भेटा, काय येतं आणि काय करणार नाही हे एका पानावर लिहून द्या. नागरी संरक्षण दलाचं केंद्र तुमच्या गावात असेल तर तिथेही नोंदवता येईल. सर्व्हे मीटर हॉस्पिटलचा आहे, तेव्हा तो बाहेर नेण्याची लेखी परवानगी आजच घ्या. दुर्घटनेच्या रात्री अ‍ॅडमिन ऑफिसर फोन उचलत नाहीत. टीएलडी बॅज (छातीवर लावायचा, डोस नोंदवणारा) कामाच्या जागेचा आहे, तो तिथेच राहू दे. बाहेर जाताना पॉकेट डोसीमीटर लावा आणि त्याची नोंद वेगळी ठेवा.

पण सगळ्यात अवघड अडचण कागदाची नाही, एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत असण्याची आहे. 2019 च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा पूर आठवा. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालय स्वयंसेवकांना बोलावणार, आणि नेमक्या त्याच वेळी तुमच्या तळमजल्यावरच्या ब्रेकीथेरपी (शरीरात सोर्स ठेवून उपचार) युनिटच्या दारापर्यंत पाणी आलेलं असणार. कुठे जाणार? याचं उत्तर पाणी चढायच्या आधी ठरलेलं हवं, आणि दोन्हीकडे लेखी हवं. माझं उत्तर असं: आपल्या हॉस्पिटलातला सोर्स सुरक्षित आहे हे कळेपर्यंत मी कुणाची स्वयंसेवक नाही. हे मी जिल्ह्याच्या यादीत माझ्या नावापुढे लिहून दिलेलं आहे. त्या अधिकाऱ्यांना आधी जरा आखडतं वाटलं, मग त्यांनीच विचारलं, तुमच्याऐवजी दुसरं कोण? म्हणून आता शेजारच्या जिल्ह्यातल्या दोघांची नावं माझ्या खाली आहेत, आणि त्यांच्या खाली माझं.

घरच्यांना काय सांगायचं? आकडे सांगा, पण थोडेच. कामावर आपल्याला वर्षाला सरासरी 20 मिलिसीव्हर्टची मर्यादा, एखाद्या वर्षी फार तर 30. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांत आपत्तीत मदत करणाऱ्या साध्या नागरिकांसाठी एकूण 50 ची रेघ आहे, आणि ती शेवटची रेघ. जवळ जायचं लक्ष्य नव्हे. लोकांच्या तपासणी केंद्रात दिवसभर उभं राहून पोटाच्या एका सीटी स्कॅनएवढाही, म्हणजे 10 मिलिसीव्हर्टच्या आसपासचा, डोस मिळण्याचं कारण नसतं. माझ्या सासूबाईंना यातलं काही पटलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तू आत जाणार की बाहेर उभी राहणार?" बाहेर, म्हटलं. "मग डबा देऊ का?" यावर विषय संपला. तुम्ही किंवा तुमची पत्नी बाळाच्या विचारात असाल तर मात्र ते मोकळेपणाने आधीच सांगा. गरोदर स्त्रीने प्रोब हातात न घेता नोंदणीच्या टेबलावर बसावं, तिथेही माणसं कमीच पडतात.

उद्या ड्यूटीवर गेलात की एवढं करा. सर्व्हे मीटर कुठल्या कपाटात आहे, किल्ली रात्रपाळीला कुणाकडे असते, सेल कधी बदलले आणि कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली का, ते बघा. सेल काढून वेगळे ठेवा, आत गळून सडलेले मी दोनदा पाहिले आहेत. मग कॅज्युअल्टीच्या टेबलामागच्या भिंतीवर तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लावा आणि त्याखाली शेजारच्या जिल्ह्यातल्या आरएसओचा.